बधिर पायासाठी तळ निवडताना

“चप्पल पायातून निसटली आणि चार पावलं पुढं गेल्यावर कळलं.” जुनी शुगर असलेल्या माणसानं असं सहज सांगितलं की जाणकार डॉक्टर औषधांची चिठ्ठी बाजूला ठेवून आधी तळपाय बघतो. निसटलेली चप्पल ज्याला कळत नाही त्याला रुतलेला काटा कळत नाही, चपलेत शिरलेला खडा कळत नाही आणि तापलेली फरशीही कळत नाही.

माजलगावसारख्या तालुक्यात हे संकट पावलोपावली आहे. सिंदफणेवर धरण झालं, कालवे आले, उसाचं क्षेत्र वाढलं. ऊस तोडल्यावर फडात उरतात ती तिरकी छाटलेली, धारदार खोडं. बांधावर बाभळीचे काटे. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल चपलेला असा चिकटतो की माणूस ती काढून हातात घेतो आणि अनवाणी चालू लागतो. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन बाहेर पडणारे संसार चार-सहा महिने फडातच असतात. एकेकाळी शहरातल्या बैठ्या लोकांचा समजला जाणारा मधुमेह आता या माणसांनाही होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. त्यातल्या ज्यांचा आजार जुना आणि साखर बेताबाहेर, त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू जाते.

अशा माणसानं पायात काय घालावं, याची उत्तरं बाजारात भरपूर आहेत. मेडिकलच्या दुकानात जेलचे तळ टांगलेले असतात, ‘डायबेटिक’ असं छापलेल्या चपला असतात. शहरात गेलं की संगणकावर पायाचा रंगीत नकाशा काढून, फोम गरम करून, खास त्या पायाच्या साच्याचा तळ बनवून मिळतो. शेवटचा पर्याय सगळ्यांत महाग, म्हणून तोच सगळ्यांत चांगला, असं रुग्णाच्या मुलाला वाटतं. तो चांगला आहेच. पण प्रत्येक पायाला त्याची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्यालाही त्याचा उपयोग एका अटीवरच होतो.

जखम होते कशी

या विषयातलं मूळ ज्ञान मधुमेहातून नव्हे, कुष्ठरोगातून आलं. डॉ. पॉल ब्रँड हे तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले इंग्रज शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णाचं मांस आपोआप सडतं आणि बोटं झडतात, ही तेव्हाची पक्की समजूत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलंच असतं, नसते ती वेदना. वेदना नाही म्हणून पाय वाचवला जात नाही आणि जखम भरायची उसंत मिळत नाही.

बधिर पायाला इजा होण्याच्या तीन वाटा त्यांनी वेगळ्या केल्या. पहिली उघड आहे: काटा, खिळा, काच, विस्तव. दुसरी घट्ट बुटाची: दाब थोडाच, पण तासन् तास एकाच जागी, त्यामुळं तिथलं रक्त थांबतं. तिसरी सगळ्यांत फसवी. दाब मध्यम, एका पावलाला काहीच न करणारा, पण दिवसाला हजारो पावलं त्याच हाडाखाली पडणारा. धडधाकट माणसाला दोन-तीन मैलांनंतर तिथं हुळहुळतं, तो नकळत पाऊल जरा वाकडं टाकतो आणि भार दुसरीकडं सरकवतो. बधिर पायाचा माणूस शेवटपर्यंत त्याच जागेवर तसाच चालत राहतो. आत सूज येते, वर घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस मोजा ओला लागतो.

म्हणून बधिर पायाच्या पादत्राणाला दोन कामं करावी लागतात: बाहेरचं टोकदार आत येऊ द्यायचं नाही आणि आतला भार एका जागी साचू द्यायचा नाही. पहिल्यासाठी खालचा तळ टणक हवा, दुसऱ्यासाठी वरचा मऊ. जुनी चप्पल उलटी करून पाहिली तरी भार कुठं साचतो ते कळतं. बहुतेकांची चप्पल अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या मधोमध नाहीतर टाचेच्या कडेला खोल गेलेली असते. जखमाही याच जागी होतात.

एमसीआर: साधं पण कसाला उतरलेलं

ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्लोर आणि जवळच्या करिगिरी इथं जो मऊ तळ रूढ केला तो मायक्रोसेल्युलर रबराचा, म्हणजे एमसीआरचा. या रबरात हवेचे बारीक बंद कप्पे असतात. हवाई चपलेचं रबरही याच जातीचं, पण बरंच कडक. रुग्णाच्या चपलेतलं एमसीआर कडकपणाच्या शोअर ए मापात १५ च्या आसपास असतं आणि साधारण सेंटिमीटरभर जाड. माप घ्यायचं यंत्र नसेल तर चिमूट पुरे: अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर जाडी निम्म्यावर यावी आणि सोडताच पूर्ववत व्हावी. दबतच नसेल तर ते बधिर पायाच्या कामाचं नाही. दबून तसंच राहत असेल तर ते मेलेलं आहे, बदलायला हवं.

एकटं एमसीआर फडात टिकत नाही, काटा त्यातून लोण्यात सुरी जावी तसा जातो. त्यामुळं खाली कडक रबराचा तळ चिकटवतात. आपल्याकडं टायरच्या चपला शिवणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि टायरचं रबर या कामाला उत्तम. अडचण खिळ्यांची आहे. टायरची चप्पल खिळे मारून जोडतात. तळ झिजला की खिळा वर येतो आणि बधिर पायाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून बधिर पायाची चप्पल सोल्युशननं चिकटवायची आणि शिवायची, खिळा एकही मारायचा नाही.

वरच्या पट्ट्यांचेही नियम आहेत. मागं टाचेला धरणारा पट्टा हवा, नाहीतर चप्पल निसटते किंवा ती टिकवण्यासाठी बोटं सतत आवळली जातात. अंगठ्यात अडकवायची वादी किंवा दोन बोटांमधून जाणारा इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा पट्टा टाळायचा, कारण बोटांच्या बेचक्यात तो घासतो. कोल्हापुरी चप्पल दोन कसोट्यांवर नापास होते: अंगठा आहे आणि तळ कडक चामड्याचा आहे. सुजेप्रमाणं कमी-जास्त करता येणारा चिकटपट्टीचा रुंद पट्टा सगळ्यांत सोयीचा.

राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर तळपाय असलेल्या रुग्णाला अशा चपला वर्षाला दोन जोड मोफत देण्याची तरतूद आहे. एमसीआरचं आयुष्य सहा महिन्यांच्या आसपास, हा हिशेब त्यामागं आहे. पाय तसाच, बधिरपणा तसाच, पण कारण मधुमेह असेल तर अशी नेमाची सोय नाही. शिवाय जुन्या सरकारी नमुन्याची चप्पल लांबून ओळखू यायची आणि ती ‘रोग्याची चप्पल’ म्हणून अनेकांनी नाकारली. पुढं चारचौघांसारख्या दिसणाऱ्या सँडल बनवायला सुरुवात झाली ती त्याचमुळं. चप्पल दिसायला बरी असणं हा उपचाराचाच भाग आहे. न घातलेल्या चपलेनं पाय वाचत नाही.

फोम गरम करून साचा देताना काय होतं

आता महागड्या पर्यायाकडं. इथं दोन फोम मुख्य आहेत. एक ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. स्पोर्ट्स शूजच्या मधल्या तळात असतो तोच, अनेक कडकपणांत मिळतो. दुसरा प्लास्टाझोट या नावानं ओळखला जाणारा पॉलिथिलीनचा फोम. तो इंग्लंडातल्या क्रॉयडन इथल्या कारखान्यात नायट्रोजन वायूनं फुगवून तयार होतो. दोन्हींतले बारीक कप्पे बंद असतात आणि रेणूंच्या साखळ्या एकमेकींना गाठींनी जोडलेल्या असतात. त्यामुळं उष्णतेनं हे फोम वितळून वाहत नाहीत, नुसते ढिले पडतात. ढिल्या अवस्थेत दाबलं आणि दाबातच थंड होऊ दिलं की तो आकार कायम होतो.

याच गुणाचा एक हौशी उपयोग बर्फावर घसरण्याच्या बुटांत होतो. स्कीच्या बुटाचं बाहेरचं कवच कडक प्लास्टिकचं आणि आत फोमचा मोजासारखा लायनर. कंपनीचा लायनर वर्ष-दोन वर्षांत बसला की शौकीन लोक वेगळा विकत घेतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरची इंट्यूशन ही त्यातली नावाजलेली. निवडण्याची रीत नेमकी आहे. आधी लायनर काढून रिकाम्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढं टेकवायची आणि टाचेमागं दीड-दोन सेंटिमीटर जागा राहते का ते बघायचं. त्यावरून लायनरची जाडी ठरते. मग तो शंभर अंशांच्या थोडं वर तापवतात, बोटांवर जाड टोपी आणि घोट्याच्या हाडावर फोमचे तुकडे लावतात, जेणेकरून तिथं जागा सुटावी. वर पातळ मोजा घालून पाय आत, बकल बंद, आणि लायनर निवेपर्यंत दहाएक मिनिटं स्थिर उभं राहायचं. गुलमर्ग-औलीला जाऊन भाड्याच्या बुटांत पाय सोलपटून घेणाऱ्या मराठी पर्यटकाला या खटाटोपाचं मोल पटेल.

तंत्र तेच, फोमचं कूळ तेच, पण बधिर पायाच्या बाबतीत ही रीत जशीच्या तशी उचलता येत नाही. त्याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही निवडीच्या मुळाशी आहेत.

पहिलं कारण भाजण्याचं. स्कीपटू गरम लायनरमध्ये पाय घातल्यावर ‘इथं चटका बसतोय, इथं टोचतंय’ असं सांगतो आणि कारागीर त्याच्या तोंडाकडं बघून काम करतो. बधिर पायाचा माणूस हसतमुखानं उभा राहील आणि संध्याकाळी तळव्यावर फोड दिसेल. म्हणून त्याच्या पायावर थेट गरम फोम कधीही दाबायचा नाही. ‘पाच मिनिटांत तुमच्या पायावरच साचा’ असं सांगणाऱ्या दुकानातून अशा रुग्णानं सरळ बाहेर पडावं.

दुसरं कारण दाबाचं. गरम फोमवर पाय दाबला की जिथं भार जास्त तिथं फोम जास्त चेपतो, म्हणजे जिथं जाड गादी हवी नेमका तिथंच तो पातळ होतो. आकार हुबेहूब येतो, संरक्षण मात्र घटतं. यावर कार्यशाळेत उपाय असा: ठिसूळ फोमच्या डब्यात पाय दाबून ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करायची आणि ती दुरुस्त करायची. चवड्याच्या ज्या हाडाखाली जखम होते तिथं प्लास्टरचा थर चढवायचा, म्हणजे तळात तेवढा खळगा पडतो. त्या हाडाच्या जरा मागं प्लास्टर घासून कमी करायचं, म्हणजे तळात तिथं उंचवटा येतो आणि भार स्वतःकडं घेतो. मग फोमचा पत्रा भट्टीत घालायचा; प्लास्टाझोटला साधारण १४० अंश लागतात. पत्रा लुळा पडला की प्रतिकृतीवर पसरून दाबायचा, निवल्यावर कडा घासून गुळगुळीत करायच्या. या कामाचा खरा पैसा भट्टीला नसून प्लास्टर कुठं चढवायचं आणि कुठं घासायचं हे ओळखणाऱ्या डोळ्याला आहे.

तिसरं कारण टिकाऊपणाचं. मऊ प्लास्टाझोट पायाशी सुरेख जुळतो, पण रोजच्या भारानं लवकर बसतो. तो एकटा वापरला तर काही आठवड्यांत पातळ कागद होतो. म्हणून चांगला तळ थरांचा असतो: वर पायाशी जुळणारा मऊ फोम, मध्ये उसळी मारणारा एमसीआर किंवा पॉलियुरेथेनचा थर, खाली आकार धरून ठेवणारा कडक ईव्हीए. एकाच रंगाचा, एकाच थराचा ‘साच्याचा तळ’ कोणी देत असेल तर बाकीचे थर कुठं आहेत, असं विचारावं.

हे सगळं परकं, शहरी वाटेल. पण आपल्याकडच्या जयपूर फूटच्या शिबिरांत पायाचं माप घेऊन प्लास्टरची प्रतिकृती करतात आणि प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून तिच्यावर चढवतात. जयपुरात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या त्या पावलाच्या आतही मायक्रोसेल्युलर रबराचेच ठोकळे आहेत. उष्णतेनं आकार द्यायची कला इथल्या हातांना नवी नाही.

अभ्यास काय सांगतात

एवढा खटाटोप करून फरक किती पडतो? या प्रश्नावरचे अभ्यास वरवर पाहता एकमेकांच्या विरोधात जातात.

इटलीत उच्चिओली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधी जखम होऊन गेलेल्या मधुमेहींपैकी खास बूट घातलेल्यांत वर्षभरात सुमारे २८ टक्क्यांना पुन्हा जखम झाली, तर स्वतःचे नेहमीचे बूट घालणाऱ्यांत ५८ टक्क्यांना. चेन्नईत डॉ. विजय विश्वनाथन यांच्या गटानं २००४ मध्ये तीन प्रकारचे मऊ तळ वापरून पाहिले: एमसीआर, पॉलियुरेथेन फोम आणि साच्याचा तळ. चौथा गट स्वतःची कडक तळाची पादत्राणं घालणाऱ्यांचा. नऊ महिन्यांत चौथ्या गटात ३३ टक्क्यांना नव्या जखमा झाल्या, मऊ तळ वापरणाऱ्यांत ४ टक्क्यांना. आपल्या दृष्टीनं हा अभ्यास सगळ्यांत मोलाचा, कारण रुग्ण इथले, हवा इथली आणि पादत्राण बूट नसून सँडल. आणि त्यात स्वस्त एमसीआर महागड्या तळांच्या पंगतीला बसलं.

उलट अमेरिकेत राइबर आणि सहकाऱ्यांनी ४०० मधुमेहींवर केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खास बुटांचा फायदा दिसला नाही. तिन्ही गटांत दोन वर्षांत साधारण १५ टक्क्यांच्या आसपासच जखमा झाल्या. मात्र त्यातल्या अनेकांच्या पायात संवेदना शाबूत होती आणि पायाची मोठी विकृती असलेल्यांना घेतलंच नव्हतं. ज्या पायाला धोका कमी त्याला खास तळ देऊन फार काही पदरात पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उल्ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात दोन्ही गटांना साच्याचेच तळ दिले होते. फरक एवढाच की एका गटाचे तळ नुसत्या आकारावरून केलेले आणि दुसऱ्याचे उघड्या पायाचा दाब मोजून, जास्त भाराच्या जागा हेरून घडवलेले. दुसऱ्या गटात चवड्याखालच्या जखमा पहिल्याच्या तृतीयांशाच्या आसपास राहिल्या. पायाशी हुबेहूब जुळणारा आकार पुरेसा नाही, भार कुठं आहे ते मोजून तो हलवावा लागतो, हे यातून सिद्ध झालं. बुटातला दाब २०० किलोपास्कलखाली आणावा किंवा निदान ३० टक्क्यांनी उतरवावा, हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतला दंडक त्याच विचाराचा. मोजणारं यंत्र महाग असतं. पण कुष्ठरोग केंद्रांत वापरली जाणारी हॅरिस मॅट ही बारीक उंचवट्यांची, शाई लावलेली रबरी चटई बरंच काम भागवते. तिच्यावर कागद ठेवून चाललं की जिथं भार जास्त तिथं ठसा गडद काळा उमटतो.

उंबरठ्याच्या आत

या सगळ्या अभ्यासांपेक्षा महत्त्वाचा आकडा नेदरलँडमधून आला. बुस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाब मोजून सुधारलेल्या बुटांची परीक्षा घेतली. दीड वर्षात साध्या खास बुटांच्या गटात ४४ टक्क्यांना पुन्हा जखम झाली, सुधारलेल्यांत ३९ टक्क्यांना. फरक नगण्य. मग त्यांनी फक्त अशा लोकांकडं पाहिलं जे आपली ८० टक्क्यांहून जास्त पावलं त्या बुटांतच टाकत होते. त्यांच्यात हेच आकडे ४८ आणि २६ निघाले. बूट उत्तम होते, ते पायात नव्हते. त्याच रुग्णांच्या पावलांची मोजणी सांगते की बाहेर पडल्यावर ते ८७ टक्के पावलं खास बुटांत टाकत, घरात मात्र ६१ टक्केच.

हे ज्या देशात घरातही बूट घालून वावरतात तिथलं. आपल्या घरात चप्पल उंबरठ्याबाहेर राहते. स्वयंपाकघर, देवघर, अंगण, गोठा ही सगळी पावलं अनवाणी. घरातल्या बाईची दिवसभरातली बहुतेक पावलं घरातच पडतात, म्हणजे तिच्यासाठी घेतलेली महागडी सँडल दारात ऊन खात बसते. देवदर्शन अनवाणी, नवस अनवाणी, आणि चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा. बधिर तळवे घेऊन फरशीवर चालल्यानं पाय भाजलेले रुग्ण आपल्याकडच्या डॉक्टरांना नवे नाहीत. फडावरच्या कोपीत तर उंबरठाच नाही, आत-बाहेर सगळी तीच माती. रात्री बधिर पायाला उंदीर कुरतडून जातो आणि सकाळी पांघरूण लाल दिसतं तेव्हा कळतं, अशा घटना भारतीय वैद्यकीय लिखाणात नोंदलेल्या आहेत.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांनी आयुष्यभर मधुमेही पायाचं काम केलं, आणि अनवाणी चालणं हा त्या कामातला कायमचा अडथळा राहिला. उपदेशानं तो हटत नाही, सोय केल्यानं थोडा हटतो. घरात घालायचा वेगळा जोड, फक्त घरासाठी, धुता येणारा, आणि मुख्य म्हणजे चामड्याचा अंशही नसलेला. एमसीआरचा तळ आणि कापडी किंवा रेक्झिनचे पट्टे असले की आजीबाईंचा स्वयंपाकघरातला विरोध निम्मा मावळतो. उरलेला निम्मा डॉक्टरनं, शक्यतो घरातल्या सगळ्यांसमोर, सांगितल्यावर मावळतो.

कोणत्या पायाला काय

निवड पायापासून सुरू करायची, दुकानापासून नाही. दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला लावून ‘कळतंय का’ विचारणं ही दोन मिनिटांची परीक्षा. त्याबरोबर पायाची नाडी लागते का, बोटं वाकडी झालीत का, घट्टे कुठं आहेत आणि आधी जखम होऊन गेली का, एवढं पाहिलं की पाय चारपैकी एका गटात बसतो.

संवेदना शाबूत असेल तर खास काही नको. मापाची, मऊ तळाची, मागं पट्टा असलेली कोणतीही सँडल चालते आणि वर्षातून एकदा तपासणी पुरते. संवेदना गेली पण पायाचा आकार चांगला आहे, अशांसाठी एमसीआरची सँडल बाहेर आणि दुसरी घरात. बहुसंख्य बधिर पाय या गटातच असतात. बोटं वाकडी, चवडा उतरलेला, घट्टे धरलेले असतील तर साच्याचा थरांचा तळ घ्यायला हवा, तोही भार पाहून दुरुस्त केलेला. आणि आधी जखम होऊन गेली किंवा बोट काढलेलं असेल तर साच्याचा तळ आणि पुढं डोलणारा कडक बाहेरचा तळ, म्हणजे पाऊल चवड्यावर न मोडता पुढं कलतं. अशा पायाची तपासणी महिन्या-तीन महिन्यांनी व्हावी.

उघडी जखम असेल तर यातलं काहीच नको. मऊ चप्पल जखम टाळते, भरत नाही. तळव्यावरच्या जखमेला प्लास्टर किंवा काढता न येणारा गुडघ्यापर्यंतचा आधार हा पहिला उपचार. नाडी लागत नसेल तर आधी रक्ताभिसरणाचा डॉक्टर, मग पादत्राणाचा विचार. चार्कोट म्हणजे हाडं खचून गरम आणि सुजलेला पाय असेल तर तो चालवायचाच नाही.

मेडिकलच्या दुकानातले जेलचे तळ यातल्या कोणत्याच गटासाठी पहिली निवड नव्हेत. ते भार हलवत नाहीत, जड असतात, आणि नेहमीच्या बुटात घातले की वरची जागा कमी होऊन बोटं बुटाच्या छताला घासतात. आत तळ घालायचा असेल तर बूटच तेवढ्या खोलीचा हवा.

माप संध्याकाळी, उभं राहून घ्यायचं. दिवसभरात पाय सुजतो. सगळ्यांत लांब बोटापुढं एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी, ते बोट अंगठ्याशेजारचंही असू शकतं. बधिर पायाला मापाचा बूट सैल आणि घट्ट बूट बरोबर वाटतो, त्यामुळं ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाचं उत्तर इथं धरायचं नाही, हातानं चाचपायचं. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, काढून पाय बघायचा. लाल डाग वीस मिनिटांत मावळला नाही तर जोड परत कारागिराकडं. दोन्ही पायांच्या त्याच जागी हाताचा पाठचा भाग लावून पाहावा. एक बाजू स्पष्ट गरम असेल तर आत काहीतरी धुमसतंय. दोन पायांच्या तापमानात २.२ अंश सेल्सियसचा फरक हा धोक्याचा इशारा मानतात. आणि रोज घालण्याआधी चप्पल झटकायची, आत हात फिरवायचा, तळ उलटा करून काटा शोधायचा.

बनवणार कोण

माजलगावचा रुग्ण साच्याच्या तळासाठी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जाईल, पुढं गरज पडली तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या ऑर्थोटिस्टकडं. तिसऱ्या-चौथ्या गटासाठी हा प्रवास करायलाच हवा. पण दुसऱ्या गटातल्या माणसाला एमसीआरच्या सँडलसाठी इतकं लांब पाठवणं चुकीचं आहे. ती इथं बनू शकते.

तालुक्याच्या बाजारात, बसस्टँडजवळ पत्र्याच्या स्टॉलमध्ये आरी-रापी घेऊन बसलेला गटई कामगार या साखळीत कुठंच नाही, ही खरी उणीव आहे. चामडं आणि रबर त्याच्या हाताला ओळखीचं आहे, टायरचा तळ त्याला नवा नाही, दुरुस्ती तर त्याचा रोजचा धंदा. त्याला शिकायला लागेल ते थोडं: खिळा न वापरणं, एमसीआर चिमटीत तपासणं, मागचा पट्टा, बोटापुढची जागा आणि कोणता पाय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून परत पाठवणं. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ राज्यात १९७४ पासून आहे. कुष्ठरोग कार्यक्रमाकडं एमसीआरचा दशकांचा अनुभव आहे. आशा ताई घरोघरी जातातच, त्यांच्या पिशवीत नायलॉनचा धागा बसायला जागा लागत नाही. या तीन टोकांना एक गाठ मारली तर तालुक्याच्या ठिकाणी पादत्राणांची सोय उभी राहू शकते. भट्टी, प्लास्टर आणि दाबाचे नकाशे मोठ्या केंद्रात राहू देत. त्यांची गरज असलेले पाय थोडे असतात, आणि तिथली रांग कमी झाली तर त्यांनाच नीट वेळ मिळेल.

पैशाचा क्रमही यावरून ठरतो. पहिला खर्च तपासणीचा, तो जवळपास फुकट आहे. दुसरा बाहेरच्या जोडाचा. तिसरा घरातल्या जोडाचा, जो आज जवळपास कोणीच करत नाही आणि ज्यातून बहुधा सगळ्यांत जास्त पाय वाचतील. चौथा सहा महिन्यांनी जोड बदलण्याचा. साच्याच्या तळाचा क्रमांक त्यानंतर, आणि तोही फक्त विकृती किंवा जुनी जखम असलेल्या पायाला. डॉक्टरनं चिठ्ठीवर ‘एमसीआर चप्पल’ लिहिताना पुढं ‘दोन जोड, एक घरात घालायचा’ एवढे शब्द वाढवले तरी या आढाव्यातली अर्धी शिफारस रुग्णाच्या हातात पडेल.